पीटीचा तास, तिरकी दोरी आणि कडुनिंबाखाली बसणाऱ्या मुली

मैदानावरून (धागा सुरू करणारी सदस्या)

नमस्कार. मी गेली चौदा वर्षे एका अनुदानित माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. आठवीच्या माझ्या तुकडीत ५८ मुले-मुली आहेत, तास ३५ मिनिटांचा असतो आणि त्यातली सात-आठ मिनिटे वर्गातून मैदानावर येण्यातच जातात. गेल्या वर्षीपर्यंत माझा तास असा चालत असे: शिट्टी, रांगा, हजेरी, सावधान, विश्राम, मैदानाला दोन फेऱ्या, आकड्यांवरचे व्यायामप्रकार आणि उरलेल्या वेळात मी ठरवलेला खेळ. उशिरा येणाऱ्याला, रांगेत बोलणाऱ्याला, बूट विसरणाऱ्याला आणखी दोन फेऱ्या. मुख्याध्यापकांना शिस्त दिसत होती, पालकांची तक्रार नव्हती, आणि मलाही आपले काही चुकते आहे असे वाटत नव्हते.

मात्र दर तासाला सात-आठ मुली आणि तीन-चार मुलगे कडुनिंबाखाली बसलेले असत. कोणाचे पोट दुखत असे, कोणाचा पाय मुरगळलेला असे, कोणी घरून चिठ्ठी आणलेली असे. एके दिवशी त्यांच्यापैकी एकीने मला अगदी सरळपणे विचारले, "बाई, फेऱ्या मारणे ही शिक्षा आहे ना? मग ज्यांनी काही चूक केलेली नाही त्यांनी का धावायचे?" तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, तिला खरोखरच उत्तर हवे होते आणि माझ्याजवळ ते नव्हते. चौदा वर्षे मी मुलांना धावण्याची गोडी लागावी म्हणून धडपडत होते आणि त्याच वेळी धावणे म्हणजे दंड, हेही त्यांना शिकवत होते.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८५ पासून सविस्तर मांडलेला स्वयंनिर्धारणाचा सिद्धांत मला सर्वांत उपयोगी वाटला. आपण जे करतो ते आपल्या मनाने करतो आहोत असे वाटणे (स्वायत्तता), आपल्याला ते जमते असे वाटणे (क्षमता) आणि आपण इतरांशी जोडलेले आहोत असे वाटणे, या तीन गरजा भागल्या तर प्रेरणा आतून येते आणि टिकते, असे ते म्हणतात. माझ्या तासात पहिल्या गरजेला जागाच नव्हती, आणि दुसरी गरज फक्त शाळेच्या संघात असलेल्या दहा-बारा जणांची भागत होती.

मी पहिला बदल केला तो उंच उडीत. पूर्वी दोरी आडवी, सर्वांसाठी एकाच उंचीवर असे. जो अडखळला तो बाद. म्हणजे ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, तोच सर्वांत आधी बाजूला बसणार. मस्का मॉस्टन यांनी १९६६ मध्ये शारीरिक शिक्षणातील अध्यापनशैलींची मांडणी केली आणि तिच्यातील तिरक्या दोरीचे उदाहरण पुढे प्रसिद्ध झाले. मी तेच केले. दोरीचे एक टोक झाडाला गुडघ्याच्या खाली बांधले, दुसरे व्हॉलीबॉलच्या खांबाला छातीच्या उंचीवर, खाली वाळू पसरली आणि एवढेच सांगितले, "जिथून उडी मारावीशी वाटते तिथून मारा. जागा प्रत्येक वेळी बदलली तरी चालेल."

मला भीती होती की सगळी मुले खालच्या टोकाला गर्दी करतील. पहिल्या फेरीत थोडे तसे झाले, परंतु तिसऱ्या-चौथ्या उडीनंतर मुले आपोआप वीतभर वर सरकू लागली. ज्या मुलीने मला तो प्रश्न विचारला होता तिने त्या तासाला अकरा उड्या मारल्या. मी मोजल्या, कारण त्याआधीच्या संपूर्ण सत्रात तिने एकही मारली नव्हती.

मुलांना असा वाव देण्याबाबत इतर शिक्षकांचा आणि पालकांचा काय अनुभव आहे, हे जाणून घेण्यासाठी हा धागा काढला आहे.

तिसरी घंटा

आपली तळमळ पोहोचली. मी २६ वर्षे हेच काम करत आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. "मुलांना हवे ते खेळू द्या" हा प्रयोग मी नोकरीच्या सुरुवातीला केला होता. परिणाम असा झाला की बारा दांडगे मुलगे मैदानाच्या मधोमध क्रिकेट खेळू लागले आणि उरलेल्या चाळीस जणांना कडेला उभे राहून चेंडू आणून देण्याचे काम उरले. मुलींनी तर मैदानावर येणेच सोडले. ज्याला आपण मुलांची निवड म्हणतो ती पुष्कळदा चार बलदंड मुलांची निवड असते, आणि शिक्षक बाजूला झाला की दुबळ्याचा वाली कोणी उरत नाही. दुसरे असे की मैदानावर हात मोडला तर जाब शिक्षकाला विचारला जातो. एका शिट्टीवर साठ मुले थांबतात म्हणून अपघात टळतात. ती शिट्टी मी हौसेने वाजवत नाही. भालाफेक किंवा गोळाफेक शिकवताना "तुम्हाला केव्हा फेकावेसे वाटते" असे मी कधीही विचारणार नाही.

निळी शाई

मी शैक्षणिक मानसशास्त्राची अभ्यासक आहे. तिसरी घंटा यांनी वर्णन केलेला प्रसंग खरा आहे, परंतु त्याला स्वायत्ततेला दिलेला आधार म्हणता येणार नाही. ती मोकळीक होती, आणि मोकळीक व आधार यांत मोठे अंतर आहे. ह्युंगशिम जांग, जॉनमार्शल रीव्ह आणि डेसी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षच असा आहे की स्वायत्तता हवी की चौकट, हा प्रश्न चुकीचा आहे. मुले सर्वाधिक गुंततात ती दोन्ही एकत्र असताना. चौकट म्हणजे काय करायचे, कशासाठी करायचे आणि जमले की नाही हे कसे ओळखायचे, याची स्पष्टता. तिरक्या दोरीतही ती आहे: दोरी बांधलेली आहे, वाळू पसरलेली आहे, एका वेळी एकानेच उडी मारायची हे ठरलेले आहे. फक्त उंचीचा निर्णय मुलाचा आहे.

या विषयावरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग दक्षिण कोरियातला आहे. सुंग ह्यॉन चॉन, रीव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्याने सोल शहरातील माध्यमिक शाळांमधले शारीरिक शिक्षणाचे १९ शिक्षक घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला आधी प्रशिक्षण मिळाले, दुसऱ्या गटाला ते नंतर मिळणार होते. त्यांच्या १,१५८ विद्यार्थ्यांकडून सत्राच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी माहिती घेतली गेली. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित शिक्षकांच्या वर्गांत मुलांच्या गरजा अधिक भागल्या, आतून येणारी प्रेरणा वाढली, "मला यात काही रसच नाही" ही भावना कमी झाली, कौशल्य सुधारल्याचे मुलांनी सांगितले आणि पुढेही व्यायाम करत राहण्याचा इरादा वाढला. वर्षभरानंतर पुन्हा पाहणी केली तेव्हाही हे लाभ टिकलेले दिसले. कोरियाची शाळा आपल्या शाळेसारखीच परीक्षाकेंद्रित असते आणि तिथेही शिक्षकाचा शब्द शेवटचा मानला जातो, म्हणून हा दाखला मला महत्त्वाचा वाटतो.

त्या प्रशिक्षणात शिक्षकांना मैदान सोडून बाजूला व्हायला सांगितले नव्हते. मुलांच्या आवडीचा आणि कुतूहलाचा धागा पकडून तासाची आखणी करणे, प्रत्येक कृतीमागचे कारण समजावून सांगणे, दटावणीची भाषा टाळणे, प्रत्येकाला आपल्या गतीने शिकण्यासाठी सवड देणे, आणि मुलांनी नाराजी दाखवली तर ती ऐकून घेऊन मान्य करणे, हे त्याचे मुख्य भाग होते. यांपैकी एकाही गोष्टीसाठी शिट्टी टाकून द्यावी लागत नाही. भालाफेकीच्या वेळी "मी शिट्टी दिल्याशिवाय कोणीही पुढे जायचे नाही, कारण फेकणाऱ्याचे लक्ष समोरून येणाऱ्याकडे नसते" असे म्हणणारा शिक्षक नियम कडक ठेवतो आणि कारणही देतो.

मैदानावरून

तिसरी घंटा, तुमचा क्रिकेटचा अनुभव मलाही आला आहे, म्हणून "काय खेळायचे ते तुम्ही ठरवा" असे मी अजूनही म्हणत नाही. मी पर्याय ठरवते. त्यांतली निवड मुले करतात. दोरीवरच्या उड्यांचा तास असेल तर एकट्याने, जोडीने किंवा मोठ्या दोरीवर गटाने, यांपैकी एक निवडायचे. न उड्या मारण्याचा पर्याय त्यात नसतो. लगोरीच्या वेळी संघ मी पाडते, परंतु चेंडू किती अंतरावरून मारायचा हे प्रत्येक संघ आपसात ठरवतो.

मला सर्वांत कठीण गेले ते भाषा बदलणे. शिस्तीची भाषा जिभेवर इतकी बसलेली असते की "ए, हात वर म्हणजे वर!" हे वाक्य विचार करण्याआधीच बाहेर पडते. मी एक दिवस माझ्याच तासाचे ध्वनिमुद्रण केले आणि घरी ऐकले. ३५ मिनिटांत मी "चला", "लवकर", "बोलू नका" आणि "मी सांगितले ना" यांखेरीज फार थोडे बोलले होते. एकाही व्यायामप्रकाराचे कारण मी सांगितले नव्हते. आता सूर्यनमस्काराच्या आधी मी सांगते की दिवसभर बाकावर वाकून बसल्याने पाठ आखडते आणि तिसऱ्या स्थितीत मांडीच्या मागे जो ताण जाणवतो तो त्याच आखडण्यामुळे असतो. हे सांगायला अर्धे मिनिट लागते. नंतर मुले तो ताण शोधू लागतात, आणि शोधणारे मूल गुडघे वाकवून वेळ मारून नेत नाही.

फेऱ्यांची शिक्षा मी पूर्णपणे बंद केली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केलेली आहे, हे मला आधीपासून माहीत होते. पण फेऱ्यांना आपल्यापैकी बहुतेक जण शिक्षाच समजत नाहीत. व्यायामच तर आहे, असे म्हणून मीही सोडून देत होते.

दोन मुलींची आई

मी शिक्षिका नाही, पण हा धागा वाचून राहवले नाही. माझी थोरली मुलगी आठवीत असताना पीटीच्या तासाच्या आदल्या रात्री माझ्याकडून चिठ्ठी मागत असे. मी तिला आळशी समजत होते. खूप नंतर तिने सांगितले की सर्वांसमोर धावताना तिच्या अंगाकडे पाहून मुले हसतात आणि शिक्षकही "जरा वजन कमी कर, मग पळशील" असे म्हणतात. पाळीच्या दिवसांत तर पुरुष शिक्षकांना काय सांगायचे, म्हणून दर महिन्याला पोटदुखी, डोकेदुखी, ताप असे काहीतरी खोटे लिहून द्यावे लागे. मीच ते लिहिले आहे, याचे मला आजही वाईट वाटते.

धाकटीच्या शाळेत निराळी पद्धत आहे. तिथल्या शिक्षिका तासाच्या सुरुवातीला मुलींना सांगतात की आज ज्यांना जोराचा व्यायाम नको असेल त्यांनी चालणे, ताणाचे व्यायाम किंवा गुणलेखन यांपैकी काहीही निवडावे, कारण सांगण्याची आवश्यकता नाही. माझी मुलगी त्या दिवसांत बहुधा चालते, आणि कधीकधी चालता चालता खेळातही जाते. तिने आजवर माझ्याकडे एकदाही चिठ्ठी मागितलेली नाही. दोघी एकाच घरात वाढल्या आहेत, त्यामुळे हा फरक स्वभावाचा आहे असे मी तरी मानणार नाही.

पाटीवर बसलेला

मी खो-खो खेळलो आहे आणि आता मुलांना शिकवतो. इथे सगळा भर निवडीवर दिला जात आहे, म्हणून कौशल्याची बाजू मांडतो. ज्याला खेळ येत नाही त्याला निवड दिल्याने आनंद होत नाही, संकोच होतो. खांबावरचा सूर मुलाला येण्याआधी "तुला कसा मारावासा वाटतो" असे विचारण्यात अर्थ नाही. आधी दाखवावे लागते, शंभर वेळा करून घ्यावे लागते, चूक तिथल्या तिथे सांगावी लागते.

तरीही मला या चर्चेतला मुद्दा आमच्या खेळातच दिसतो. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही, बसलेल्यांची तोंडे एकाआड एक विरुद्ध दिशांना असतात. इतकी कडक बंधने फार थोड्या खेळांत असतील. पण खो कोणाला आणि कोणत्या क्षणी द्यायचा, हा निर्णय सर्वस्वी पाठलाग करणाऱ्याचा असतो. बाहेरून ओरडून खो देवविणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. त्यांची मुले सरावात चपळ दिसतात, पण सामन्यात बाकाकडे पाहत राहतात आणि तेवढ्या क्षणात गडी निसटतो. म्हणून मी सरावातली शेवटची दहा मिनिटे तोंड बंद ठेवतो आणि नंतर विचारतो, "तो खो तू का दिलास?" उत्तर चुकीचे असले तरी मूल विचार करून उत्तर देते, आणि पुढच्या वेळी अधिक चांगला खो देते.

निळी शाई

आपले उदाहरण मी यापुढे वर्गात वापरीन. क्षमता ही त्या सिद्धांतातील दुसरी गरज आहेच, आणि नुसती निवड देऊन ती भागत नाही, हे आपण योग्य सांगितले. 'दोन मुलींची आई' यांनी सांगितलेल्या अनुभवाला जोडून बेल्जियममधील संशोधनाचाही उल्लेख करते. तिथे शारीरिक शिक्षणाच्या तासांचे चित्रीकरण करून शिक्षकांचे नियंत्रक वर्तन, म्हणजे ओरडणे, धाक घालणे, कमीपणा आणणे, नोंदले गेले. असे वर्तन एकूण तासात फारसे वारंवार दिसत नव्हते, तरीही जिथे ते होते तिथे मुलांची प्रेरणा दडपणातून येणारी होती किंवा मुळीच नव्हती. एखाद्या शिक्षकाचे वजनाबद्दलचे एकच वाक्य मूल वर्षभर का विसरत नाही, याच्याशी हे जुळते.

परगावचा

मला एक शंका आहे. स्वायत्ततेची ही कल्पना पाश्चात्त्य व्यक्तिवादातून आलेली नाही का? आपल्या घरांत मूल आईवडिलांचे आणि गुरुजींचे ऐकते आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा १९९९ मधला प्रयोग माझ्या वाचनात आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलांना अक्षरे जुळवून शब्द ओळखण्याची कोडी दिली होती. युरोपीय वंशाच्या अमेरिकी मुलांनी स्वतः निवडलेली कोडी सर्वांत आवडीने सोडवली. आशियाई वंशाच्या मुलांनी मात्र "ही तुझ्या आईने निवडली आहेत" असे सांगितलेली कोडी सर्वांत आवडीने सोडवली. मग आपल्या मुलांवर निवडीचे ओझे कशासाठी टाकायचे?

निळी शाई

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो प्रयोगही उत्तम आहे. मात्र त्याच प्रयोगात अनोळखी संशोधिकेने निवडलेली कोडी आशियाई मुलांनाही फारशी भावली नव्हती, हे लक्षात घ्यावे. आईची निवड त्यांना आपलीशी वाटली, कारण आई आपली होती. डेसी आणि रायन स्वायत्तता म्हणतात तेव्हा त्यांना एकटेपणाने घेतलेला निर्णय अभिप्रेत नसतो. जे करतो आहोत ते मनाला पटलेले असणे अभिप्रेत असते. गुरुजींचे मनापासून ऐकणारे मूल स्वायत्त असू शकते आणि केवळ भीतीने ऐकणारे नसते. बाहेरून पाहता दोघेही रांगेत सारखेच उभे दिसतात, म्हणूनच शिक्षकाची फसगत होते. आपल्या वर्गांत एकट्या मुलाला निवड करायला लावण्यापेक्षा गटाला ठरवू देणे अधिक फलदायी ठरेल, असे मला त्या प्रयोगावरून वाटते.

दोन मुलींची आई

बक्षिसांविषयी कोणी लिहील का? आमच्याकडे क्रीडास्पर्धांचे वाढीव गुण दहावीला मिळतात म्हणून कित्येक पालक नववीत मुलांना एखाद्या खेळात घालतात.

निळी शाई

लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना "चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल" असे आधी सांगितले होते, ती मुले नंतरच्या मोकळ्या वेळात इतरांच्या तुलनेत जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढत बसली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक मिळाले, त्यांची आवड घटली नाही. गुणांमुळे मूल मैदानावर आले तर ते चांगलेच आहे, पण गुण मिळाल्यावर ते टिकते का, हे तिथे त्याला काय अनुभव मिळतो त्यावर अवलंबून राहील. मार्टिन हॅगर आणि त्यांचे सहकारी २००३ पासून हेच तपासत आहेत: शारीरिक शिक्षणाच्या तासात स्वायत्ततेला आधार मिळतो असे ज्या मुलांना वाटते, ती शाळेबाहेरच्या फावल्या वेळातही आपणहून व्यायामाकडे वळण्याची शक्यता अधिक असते. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सुचवते, आणि आठवड्यातले दोन-तीन तास तेवढी गरज कधीही भागवू शकणार नाहीत. तासाचे खरे काम शाळा सुटल्यावरच्या वेळेसाठी मुलाला तयार करण्याचे आहे.

तिसरी घंटा

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. मी तिरकी दोरी बांधून पाहिली नाही, कारण आमच्या मैदानावर वाळू नाही आणि सिमेंटवर उडी मारू देणे मला मान्य नाही. पण भाषेचा मुद्दा मनात राहिला होता. मी सातवीच्या एकाच तुकडीसाठी ठरवले की फेऱ्यांची संख्या सांगायची नाही. "सहा मिनिटे थांबायचे नाही, पळा, चाला, दोन्ही आलटून पालटून करा, आणि शेवटी नाडी मोजून स्वतःच्या वहीत लिहा" असे सांगायचे. नाडी कशी मोजायची आणि ती का वाढते, हे समजावण्यात पहिला संपूर्ण तास गेला, तो मला वाया गेल्यासारखा वाटला. दुसऱ्या आठवड्यात एक स्थूल मुलगा, जो आजवर दुसऱ्या फेरीला कंबरेवर हात ठेवून उभा राहत असे, तो सहाही मिनिटे हलत होता. चालण्याची मुभा असल्याने त्याला थांबावे लागले नाही, इतकेच. काल त्याने मला वही दाखवली. पहिल्या दिवशीपेक्षा त्याची नाडी लवकर खाली येते आहे, हे त्याने स्वतः आकड्यांवरून शोधले होते आणि त्याचे कारण त्याला माझ्याकडून हवे होते.

चार मुलगे मात्र सहा मिनिटे गप्पा मारत चालतात, हेही नोंदवतो. त्यांचे काय करावे?

मैदानावरून

माझ्याकडेही तसे पाच जण होते. मी त्यांना कडेला घेऊन विचारले की या सहा मिनिटांत काय असते तर पळावेसे वाटले असते. दोघांनी सांगितले की गोल फिरण्याचा कंटाळा येतो. आता मैदानाच्या चार कोपऱ्यांत मी चार रंगांच्या फरशीचे तुकडे ठेवते आणि जोडीने ते क्रमाने आणायचे असतात. क्रम त्यांनीच ठरवायचा. तिघे त्यात पळू लागले. उरलेले दोघे अजून चालतात, पण नाडी लिहितात. त्यांना मी सध्या तेवढेच करू देत आहे.

तिसरी घंटा

फरशीचे तुकडे सोमवारी घेऊन जातो. कडा घासून घेईन.